३२ मेगाबाइटांची वेस : युनिक्स, डेटाबेस आणि मेमरीच्या मर्यादांचा इतिहास

१/ २००८ चा मे महिना, नागपूर. शहरातील एका जुन्या संस्थेच्या माडीवर मोडी कागदपत्रांची सूची संगणकात भरण्याचे काम चालले होते. बस्ता क्रमांक, तारीख, कोणी कोणास लिहिले, विषय. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मीही दुपारी कूलरच्या वाऱ्याखाली बसून नोंदी भरत असे. सूची पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये होती आणि तो डेटाबेस लिनक्सवर चालत होता. यंत्राची मेमरी होती ५१२ मेगाबाइट. एखादे आडनाव शोधायला टाकले की चहा पिऊन यावे, तरी उत्तर आलेले नसे.

२/ शेवटी वर्गणी जमली आणि मेमरी ४ गिगाबाइटांपर्यंत वाढवली. मोठ्या उत्साहाने मी डेटाबेसच्या सेटिंगमध्ये त्यातील १ गिगाबाइट त्याच्या नावावर लिहून दिली आणि तो पुन्हा सुरू केला. सुरू झालाच नाही. पडद्यावर निरोप होता : सामायिक मेमरीचा खंड तयार करता आला नाही, ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. खाली एक पुस्ती जोडलेली होती, की आपली मागणी बहुधा एसएचएममॅक्स या मर्यादेपलीकडे गेली आहे. ती मर्यादा पाहिली, तर आकडा निघाला ३३५५४४३२. बाइटांत मोजलेला हा आकडा म्हणजे नेमके ३२ मेगाबाइट. घरात चार पोती धान्य आले होते आणि दाराशी कोणीतरी शेराचे माप घेऊन उभे होते.

३/ संस्थेचे संगणक एक निवृत्त बँक अधिकारी सांभाळत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांनी उमेदीची बरीच वर्षे युनिक्ससमोर काढली होती. मी वैतागून यंत्राला दोष देऊ लागलो, तेव्हा ते म्हणाले, “मोडी कागद हाती आला का तू पहिले काय पाह्यतं? तारीख आन् सही. मग ह्या आकड्याची तारीख काय, ह्याच्यावर सही कोणाची, ते पाह्य ना बे!” आजचा हा धागा त्या आकड्याच्या तारखेचा आणि सहीचा आहे.

४/ प्रथम मेमरी किती दुर्मीळ होती ते पाहू, आणि त्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या. फेराइटच्या बारीक कड्यांनी बनलेल्या त्याच्या मेमरीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. हिशेब केला तर ही मेमरी १० किलोबाइट भरते. आज एखादा अर्ज मराठीत टंकून जतन केला, तर त्याची फाइलही याहून मोठी होते. ज्या जगात प्रत्येक कडे मोजून ठेवावे लागे, त्या जगातल्या अभियंत्याने मर्यादा घातली तर तो कंजूष ठरत नाही.

५/ युनिक्सचा जन्म अशाच जगाच्या उत्तरार्धातला. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती प्रणाली १९६९ पासून आकाराला आणली. १९७० च्या दशकात ती ज्या पीडीपी-११ यंत्रांवर फोफावली, त्यांचा पत्ता १६ बिटांचा होता. म्हणजे एका प्रक्रियेला एका वेळी ६४ किलोबाइटांपलीकडचे काही दिसतच नसे. यंत्रात मेमरी त्याहून जास्त असली तरीही नाही. ‘यंत्रात आहे, पण प्रक्रियेला दिसत नाही’ हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

६/ या ६४ किलोबाइटांच्या खोलीत डेटाबेस मांडण्याचे धाडस बर्कलीतील मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी केले. १९७३ च्या सुमारास सुरू झालेल्या त्या प्रकल्पाचे नाव इंग्रेस. संपूर्ण कार्यक्रम एका प्रक्रियेत मावेना, म्हणून त्यांनी त्याचे चार तुकडे केले. एक वापरणाऱ्याशी बोलणारा, दुसरा प्रश्नाची फोड करणारा, तिसरा तो प्रश्न तडीस नेणारा आणि चौथा किरकोळ व्यवस्थेची कामे पाहणारा. चौघे एकमेकांना पाइपांमधून निरोप पाठवीत. हे पाइपही नुकतेच, १९७३ मध्ये, डग मॅक्इलरॉय यांच्या आग्रहामुळे युनिक्समध्ये आले होते. डेटाबेसची रचना त्याच्या विषयाने नव्हे, तर मेमरीच्या मर्यादेने ठरवली, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. १९७६ च्या आपल्या निबंधात या मंडळींनी हे कारण आडपडदा न ठेवता लिहून ठेवले आहे.

७/ १९८१ मध्ये याच स्टोनब्रेकर यांनी आणखी एक निबंध लिहिला. डेटाबेसला कार्यप्रणालीकडून काय हवे असते आणि काय मिळते, हा त्याचा विषय. युनिक्स डिस्कवरील पाने स्वतःच्या मेमरीत साठवून ठेवते खरे, पण कोणते पान लवकरच पुन्हा लागणार आहे हे तिला कळत नाही; डेटाबेसला ते बऱ्याचदा आधीच ठाऊक असते. शिवाय ते पान तिच्याकडून मागून आणण्याचा खर्च वेगळाच. सबब डेटाबेस आपली पाने आपल्याच ताब्यातील मेमरीत ठेवू पाहतो. परंतु वापरणारे अनेक, त्यांच्या प्रक्रिया अनेक, आणि युनिक्समध्ये एका प्रक्रियेच्या मेमरीत दुसरीला डोकावता येत नाही. मग सर्वांना दिसेल असा फळा टांगायचा कुठे?

८/ त्या फळ्याची सोय झाली ती ओहायो राज्यातील कोलंबस येथे. बेल लॅब्जच्या तेथील शाखेला टेलिफोनच्या जाळ्याचा कारभार सांभाळणाऱ्या प्रणाली चालवायच्या होत्या. मूळ युनिक्समध्ये प्रक्रियांना परस्परांशी बोलण्याची आणि फाइलींना कुलूप घालण्याची पुरेशी सोय नव्हती. डेटाबेसचे काम त्यावाचून अडत होते. म्हणून त्यांनी आपली वेगळी आवृत्ती रचली. तिला ‘सीबी युनिक्स’ म्हणतात. निरोपांच्या रांगा, सेमाफोर आणि सामायिक मेमरी या तीन सोयींची पाळेमुळे तिथे आहेत. एटी अँड टीने १९८३ मध्ये ‘सिस्टिम फाइव्ह’ बाजारात आणली, तेव्हा हे त्रिकूट तिच्यासोबत जगभर गेले.

९/ काकांच्या प्रश्नातील ‘सही’ सापडते ती इथे. सामायिक मेमरीचा खंड कोणाही साध्या वापरकर्त्याला मागता येत असे. शिवाय त्या खंडाचा एक विचित्र गुण होता. मागणारी प्रक्रिया मेली तरी खंड जिवंत राही. मालक वारला आणि वाड्याला कुलूप तसेच, असा प्रकार. एखाद्या चुकलेल्या कार्यक्रमाने असे खंड मागत राहावे आणि मरत राहावे, तर एकाच यंत्रावर काम करणारे वीस जण खोळंबतील. म्हणून कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, तीन आकडे बसवले गेले. एका खंडाचा कमाल आकार, खंडांची कमाल संख्या आणि सर्व खंड मिळून कमाल मेमरी. एसएचएममॅक्स हा त्यांपैकी पहिला. त्याचे काम डेटाबेसला अडवण्याचे नव्हतेच. शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून वाचवण्यासाठी तो पहारा होता.

१०/ पुढे प्रत्येक घराण्याने हा आकडा आपापल्या ऐपतीने ठरवला. एससीओच्या युनिक्समध्ये तो ५१२ किलोबाइट होता. सोलॅरिसवर बराच काळ १ मेगाबाइट, आणि तो बदलण्यासाठी एका फाइलीत ओळ लिहून यंत्रच बंद करून पुन्हा सुरू करावे लागे. मॅकवर ४ मेगाबाइट. लिनक्सवर आमचे ३२ मेगाबाइट. १९९० च्या दशकात घरगुती संगणकाची सगळी मेमरीच तेवढी असे, तेव्हा ही मर्यादा उदार म्हणावी अशी होती. मेमरी दर काही वर्षांनी दुप्पट होत गेली. आकडा मात्र जिथल्या तिथे राहिला. कोतवाल निवृत्त झाला तरी वेस कोणी उघडली नाही.

११/ आपल्याकडे युनिक्स रुजली ती बँकांमुळे. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला आणि देशी कंपन्यांना मैदान मोकळे झाले. त्याच सुमारास बँकांत संगणक आणावेत की नाही यावर कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात रस्सीखेच चालू होती. १९८३ आणि १९८७ च्या करारांनी तिला वाट काढून दिली. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला, दुसऱ्या समितीने १९८९ मध्ये तो पुढे नेला. बँकांच्या यंत्रखरेदीत युनिक्सला पसंती मिळाली आणि देशी कंपन्या तिच्याकडे वळल्या. घरी संगणक नसलेल्या हजारो बँक कर्मचाऱ्यांची पहिली संगणकभाषा युनिक्सच्या आज्ञांची होती. आमचे काका त्याच पिढीतले. ५१२ किलोबाइटांच्या वेशीशी त्यांनी अनेक रात्री काढल्या होत्या. माझे ३२ मेगाबाइट पाहून त्यांना हसू आले, यात नवल नाही.

१२/ जाता जाता नागपूरकरांसाठी एक वळण. सामायिक फळा हा एकच मार्ग नव्हता. इंग्रेसप्रमाणे ज्याची मेमरी त्याच्यापाशी ठेवायची आणि निरोपांवर काम चालवायचे, हा दुसरा मार्ग. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये घडवलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक त्या मार्गाचा. त्यात ट्रान्सप्युटर जातीचे ६४ प्रक्रियक होते, प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र, आणि सगळा व्यवहार निरोपांनी. त्या प्रकल्पाचे नेते विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे आणि आपल्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, आजच्या व्हीएनआयटीचे, १९६५ चे पदवीधर. गणिताच्या अवाढव्य कामांना निरोपांचा मार्ग मानवला. डेटाबेस मात्र फळ्यापाशीच राहिले.

१३/ पुन्हा माडीवर येऊ. काकांनी एका ओळीच्या आज्ञेने मर्यादा वाढवली आणि डेटाबेस उठला. आडनावाचा शोध काही क्षणांत संपू लागला. आम्ही पोहे मागवले. चार दिवसांनी वीज गेली, यंत्र बंद पडले, पुन्हा सुरू झाले, आणि डेटाबेसचा तोच जुना निरोप! चालू कर्नेलला सांगितलेली गोष्ट तेवढ्यापुरतीच असते. ती टिकायची तर सिसकंट्रोलच्या फाइलीत लिहून ठेवावी लागते. काकांना हे ठाऊक होते. त्यांनी मुद्दाम सांगितले नव्हते, अशी माझी आजही पक्की समजूत आहे.

१४/ त्या फाइलीत दुसरी एक मेख आहे आणि तिने भल्याभल्यांना फसवले आहे. एका खंडाची मर्यादा बाइटांत लिहायची आणि सर्व खंडांची मिळून असलेली मर्यादा पानांत लिहायची, एक पान बहुधा ४०९६ बाइटांचे. जुन्या हिशेबवहीत एका रकान्यात मण आणि शेजारच्या रकान्यात खंडी असावी आणि वर शीर्षक नसावे, तसे हे आहे. शंका आली तर ‘आयपीसीएस’ ही आज्ञा सगळे आकडे समोर ठेवते. मेलेल्या मालकांचे बेवारस खंडही तिथेच दिसतात.

१५/ एवढे झाल्यावर मला वाटले, मर्यादा म्हणजे एसएचएममॅक्स. ती समजली, विषय संपला. पण मर्यादांची दुसरी वंशावळ बर्कलीतून येते. १९७९ अखेरच्या ३बीएसडीमध्ये बिल जॉय आणि ओझाल्प बाबाओग्लू यांच्या कामामुळे व्हॅक्स यंत्रांवरील युनिक्सला आभासी मेमरी मिळाली. प्रत्येक प्रक्रियेला वाटू लागले की सगळे रान आपलेच. मग १९८३ च्या ४.२बीएसडीमध्ये प्रत्येक प्रक्रियेचा शिधा ठरवणारी आज्ञा आली. शेलमध्ये ‘यू-लिमिट’ म्हणून आपण जिला ओळखतो ती तिची दर्शनी खिडकी. विद्यापीठातील यंत्र, वापरणारे विद्यार्थी. एकाच्या चुकीच्या गृहपाठाने सर्वांचा वर्ग बुडू नये, हा मूळ हेतू.

१६/ हा शिधा आईबापांकडून मुलांकडे उतरतो आणि इथेच तपास करणाऱ्याची दिशाभूल होते. आपण लॉगिन करून यू-लिमिट पाहतो, मर्यादा नाही असे उत्तर येते आणि आपण निश्चिंत होतो. पण डेटाबेस आपल्या लॉगिनचे अपत्य नसतो. यंत्र सुरू होताना त्याला दुसऱ्याच कोणीतरी जन्म दिलेला असतो आणि त्याचा शिधा तिकडून ठरलेला असतो. चालू प्रक्रियेच्या नावाने ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये ‘लिमिट्स’ ही फाइल असते, तिच्यात खरा आकडा सापडतो. दुय्यम साधनावर विसंबू नये, अस्सल कागद पाहावा, हे इतिहासाच्या पहिल्या वर्षी शिकवतात; मला ते इथे कळले.

१७/ त्या काळच्या आणखी एका मर्यादेला कोणताही आकडा बदलून भागत नसे. ३२ बिटांच्या यंत्रावर एका प्रक्रियेचे क्षितिज ४ गिगाबाइटांचे, आणि लिनक्सवर त्यातील १ गिगाबाइट कर्नेलसाठी राखीव. यंत्रात १६ गिगाबाइट बसवले तरी एका प्रक्रियेला ३ गिगाबाइटांपलीकडचे जग नाही. पीडीपी-११ ची गोष्ट तीस वर्षांनी पुन्हा घडली, इतकेच. २००३ मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन आला आणि ६४ बिटांचे पत्ते स्वस्त यंत्रांवरही मिळू लागल्यावर ही भिंत हळूहळू विस्मृतीत गेली.

१८/ जून उजाडला आणि मी खरा घोटाळा केला. कागदांतील एकाच माणसाची नावे वेगवेगळ्या लेखनांत येत. ती जुळवण्यासाठी मी एक कार्यक्रम लिहिला. लवकर व्हावे म्हणून त्याला डेटाबेसशी एकदम १०० जोडण्या उघडायला सांगितले आणि प्रत्येक जोडणीला वर्गीकरणासाठी ६४ मेगाबाइट देऊ केले. गुणाकार केला असता तर ६४०० मेगाबाइट दिसले असते. मी केला नाही. आणि कहर म्हणजे सकाळपासूनच्या सगळ्या जुळण्या एकाच व्यवहारात ठेवल्या, शेवटी एकदम पक्क्या करू म्हणून.

१९/ लिनक्स मेमरी देताना नाही म्हणायला फार संकोचते. बहुतेक कार्यक्रम मागतात तेवढे वापरत नाहीत, हा अनुभव. लग्नाची आमंत्रणे हजार जातात, स्वयंपाक सहाशे पानांचा होतो आणि एरवी निभावते, तसे हे. पण एखाद्या मुहूर्ताला सगळेच आले तर? तेव्हा लिनक्सचा ‘ओओएम किलर’ पंगतीत शिरतो आणि एकाला पानावरून उठवतो. कोणाला, तर ज्याच्यामुळे सर्वाधिक जागा सुटेल त्याला. त्या काळच्या हिशेबात मुलांची मेमरीही बापाच्या खात्यावर चढे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणी ही मुख्य प्रक्रियेचे अपत्य असते. आता सांगा, उठवणार कोणाला?

२०/ मुख्य प्रक्रिया मेली, डेटाबेस बसला. पक्क्या झालेल्या सगळ्या नोंदी सुखरूप होत्या. डिस्कवर आधीच लिहिलेल्या रोजकीर्दीवरून पोस्टग्रेसने त्या पुन्हा उभ्या केल्या. पण माझी सकाळभराची जुळणी पक्की झालेलीच नव्हती, ती गेली. त्याहून वाईट म्हणजे, शेजारच्या संगणकावर एक ताई एका लांबलचक कैफियतीचा गोषवारा टंकत होत्या; त्यांच्या खिडकीतला मजकूरही गेला. त्या काही बोलल्या नाहीत, चष्मा पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाल्या. मी त्या दिवशी घरी लवकर गेलो.

२१/ काकांनी दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी केल्या. जोडण्या १०० वरून २० वर आणल्या. आणि मेमरीचे वाजवीपेक्षा जास्त वायदे करू नकोस, असे कर्नेलला सांगणारी सेटिंग, ‘ओव्हरकमिट’, २ वर नेली. आता मेमरी संपत आली की मागणाऱ्यालाच नकार मिळे. त्याचे एक काम फसे, बाकीची पंगत जेवत राही. मी विचारले, डेटाबेसला १ ऐवजी ३ गिगाबाइट का देऊ नयेत? पोस्टग्रेस स्वतःच्या फळ्याबरोबर कार्यप्रणालीच्या साठ्यावरही विसंबतो. म्हणून एकूण मेमरीच्या चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात करावी, असे त्याची पुस्तिकाच सुचवते. स्टोनब्रेकर १९८१ मध्ये कार्यप्रणालीशी भांडले, त्यांच्याच प्रकल्पाच्या वंशजाने तिच्याशी तह केला, हे मला फार गमतीचे वाटते. पोस्टग्रेस या नावाचा अर्थच ‘इंग्रेसनंतरचा’.

२२/ त्याच २००८ साली लिनक्समध्ये नव्या वंशाची मर्यादा आली. बलबीर सिंग, पावेल एमेल्यानोव आदींच्या कामातून प्रक्रियांच्या गटाला मिळून मेमरीची कमाल ठरवण्याची सोय झाली. आजचे कंटेनर तिच्यावर उभे आहेत. तिची तऱ्हा अशी की आत बसलेल्या डेटाबेसला पूर्ण यंत्राची मेमरी दिसते, आणि मिळते मात्र गटाच्या वाट्याची. ‘दिसत आहे, पण मिळत नाही.’ पीडीपी-११ वर नेमके याच्या उलट होते.

२३/ आणि आमच्या ३२ मेगाबाइटांचे काय झाले? सप्टेंबर २०१३ मध्ये पोस्टग्रेसची ९.३ ही आवृत्ती आली. तिने सिस्टिम फाइव्हचा दरवाजा सोडून मोठा फळा दुसऱ्याच वाटेने, ‘एममॅप’ने, मागायला सुरुवात केली आणि एसएचएममॅक्सशी तिचे भांडण संपले. पुढच्याच वर्षी लिनक्स ३.१६ ने तो आकडा इतका वाढवला की तो असून नसल्यासारखा झाला. नव्याने शिकणाऱ्यांना हा शब्द भेटतो तो जुन्या लेखांतूनच.

२४/ तरीही आपल्या यंत्रावर आज पोस्टग्रेस चालू करून आयपीसीएस ही आज्ञा द्या. सिस्टिम फाइव्हच्या सामायिक मेमरीचा एक खंड तिथे दिसेल, अवघ्या काही डझन बाइटांचा. तो चुकून राहिलेला नाही. एकाच डेटाच्या फोल्डरवर दोन डेटाबेस एकदम बसले तर सगळी नासाडी होईल; ती टाळायची तर पूर्वीच्या डेटाबेसचे एखादे अपत्य अजून जिवंत आहे का, हे खात्रीने कळायला हवे. आणि खंडाला किती प्रक्रिया जोडलेल्या आहेत ही मोजणी १९८३ च्या त्या जुन्या रचनेत कर्नेल स्वतः ठेवते. नव्या वाटेवर ती मिळत नाही. म्हणून एवढा एक खंड त्यांनी दाराशी ठेवून दिला आहे. त्याच्या ओळीतील शेवटचे रकाने पाहा, जोडलेल्या प्रक्रियांची संख्या तिथे लिहिलेली असते.